चेन, दुतोंड्या मारुती आणि डीएनएचं व्याकरण

मागच्या जुलैत भाचीच्या सॅकची चेन गेली. नाशिकचा पाऊस बऱ्याचदा नुसता भुरभुरतो, पण दिवसभर भुरभुरतो, आणि उघड्या सॅकमधल्या झेरॉक्स भिजायला तेवढं पुरतं. मेन रोडच्या मागच्या बोळात छत्र्या, बॅगा, चेन दुरुस्त करणारे एक काका बसतात, त्यांच्याकडे गेलो. त्यांनी रनर दोनदा खाली-वर केला आणि म्हणाले, "रनर चांगलाय. खाली बसवताना कोणीतरी एक दाता चुकवलाय. म्हणून वर एक उरतो."

"पण खालून तर नीट लागत होती की," भाची म्हणाली.

"लागणारच. चेनला काय कळतंय? ती लागत जाते. हिशेब शेवटी निघतो."

त्याच आठवड्यात भाचीने कॉलेजात सेमिनारचा विषय घेतला होता: वॉटसन-क्रिक ग्रामर. ती कॉम्प्युटरला आहे, टीओसी म्हणजे थिअरी ऑफ कॉम्प्युटेशनचा पेपर नुकताच झालेला, आणि विषय घेण्याचं कारण एवढंच की यादीत तो एकटा उरला होता. "मामा, डीएनए आणि व्याकरण यांचा काय संबंध? सर म्हणाले, सोपंय, वाचून घे." हा विषय मी बरीच वर्षं शिकवतो, तरी कुठून सुरुवात करावी ते सुचत नव्हतं. काकांनी सोय केली. 'लागत जाते, हिशेब शेवटी निघतो' हे वाक्य मी तिथून उचललं ते उचललंच.

आधी व्याकरण. शाळेतलं व्याकरण वाक्य तपासतं, संगणकशास्त्रातलं व्याकरण वाक्यं तयार करतं. त्यात अक्षरं दोन प्रकारची असतात. पक्की अक्षरं शेवटपर्यंत कागदावर राहतात. कच्ची अक्षरं म्हणजे नुसती धरून ठेवलेली जागा. तिथे अजून काहीतरी यायचं असतं. नियम सांगतो की या कच्च्या अक्षराच्या जागी अमुक लिहा. असं करत सगळी कच्ची अक्षरं संपली की उरलेली ओळ हा एक 'शब्द', आणि असे जितके शब्द निघू शकतात त्यांचा सगळा ढीग म्हणजे त्या व्याकरणाची 'भाषा'. अर्थाशी या भाषेला देणंघेणं नाही. 'कककखखख' हासुद्धा इथे शब्दच.

एकाच्या जागी दुसरं ठेवण्याचे नियम आपल्याकडे जुने आहेत. पाणिनीच्या अष्टाध्यायीतली सुमारे चार हजार सूत्रं वाचताना संगणकवाल्याला घरी आल्यासारखं वाटतं. अल्गोल या प्रोग्रॅमिंग भाषेसाठी जॉन बॅकस यांनी नियम लिहिण्याची जी पद्धत काढली, तिला पाणिनीचंही नाव द्यावं असं पीटर इंगरमन यांनी १९६७ मध्ये सुचवलं होतं. (संस्कृत ही संगणकासाठी सर्वोत्तम भाषा, हे जे फॅमिली ग्रुपवर फिरतं त्याच्याशी याचा संबंध नाही. साम्य नियम लिहिण्याच्या रीतीत आहे.)

आज परीक्षेला जी उतरंड विचारतात ती नोम चॉम्स्की यांनी १९५६ पासून मांडली. तिच्या तळाशी रेग्युलर व्याकरणं. यांत एका वेळी एकच कच्चं अक्षर असतं आणि तेही ओळीच्या टोकाला. म्हणजे लिहिणाऱ्याला आपण आत्ता कोणत्या टप्प्यावर आहोत एवढंच माहीत. मागे काय लिहिलं, किती लिहिलं, काही लक्षात नाही. म्हणून 'जितके क तितकेच ख' एवढी साधी अट त्याला पाळता येत नाही. 'कककखखख' तो लिहील, पण 'कककखख'सुद्धा लिहील, आणि आपण चुकलो हे त्याला कधीच कळणार नाही. हे सिद्ध करायला पोरं पंपिंग लेमा नावाचं प्रमेय पाठ करतात. मुद्दा मात्र एवढाच की बोटं नसलेल्याने मोजायचं कसं?

वरच्या पायरीवर कॉन्टेक्स्ट-फ्री व्याकरणं. यांच्याकडे एक स्टॅक असतो. मंगल कार्यालयातली ताटांची चळत डोळ्यांपुढे आणा, ठेवायचं वर आणि काढायचंही वरूनच. प्रत्येक क ला एक ताट ठेवा, प्रत्येक ख ला एक काढा, चळत बरोबर संपली तर जमलं. पण आता अट वाढवा: जितके क, तितके ख, आणि तितकेच ग. ख मोजता मोजता ताटं संपून गेली, ग कशाशी मोजणार? चळत दुसऱ्यांदा वापरता येत नाही. हा नमुना कॉन्टेक्स्ट-फ्री व्याकरणांच्या हाताबाहेरचा, आणि पुस्तकांत तो त्याच कामासाठी ठेवलेला असतो, वरची पायरी का लागते ते दाखवायला.

आता डीएनए. दोन धागे, प्रत्येक धाग्यावर चार प्रकारचे दाते: अ‍ॅडेनिन, थायमिन, ग्वानिन, सायटोसिन. मी त्यांना अ, थ, ग, स म्हणतो. अ समोर थच बसतो, ग समोर सच. अ आणि थ यांच्यात दोन हायड्रोजन बंध असतात, ग आणि स यांच्यात तीन. केंब्रिजमध्ये जेम्स वॉटसन आणि फ्रान्सिस क्रिक यांनी ही रचना १९५३ मध्ये मांडली, आणि ती मांडता आली त्यात लंडनच्या किंग्ज कॉलेजात रोझालिंड फ्रँकलिन यांच्या देखरेखीखाली काढलेल्या क्ष-किरण छायाचित्राचा मोठा वाटा होता. विषयाच्या नावात वॉटसन-क्रिक एवढंच आलं. ते बदलणं आता माझ्या हातात नाही.

मला या गोष्टीत त्याआधीचा एक माणूस जास्त आवडतो. एर्विन चारगाफ. १९५० च्या सुमारास त्यांनी वेगवेगळ्या जीवांचा डीएनए सुटा करून रसायनं मोजली आणि पाहिलं की अ जितका भरतो तितकाच थ भरतो, ग जितका तितकाच स. कारण त्यांना सांगता आलं नव्हतं. कोणत्याही पेशीत बसून कोणी अ आणि थ मोजत नाही. तरी आकडे जुळतात, कारण प्रत्येक दात्यासमोर दुसरा दाता आहे. मोजणी आधी दिसली, जोडी नंतर सापडली.

पंगतीत आपण हेच करतो. किती माणसं, किती पानं, हे वाढप्याला माहीत नसतं. माणसं बसली, एखादं पान मोकळं राहिलं किंवा कोणी उभं राहिलं, की कळलं. मोजायला न येणाऱ्यालाही कळतं.

हीच गोष्ट व्याकरणात घालायची, इतकीच वॉटसन-क्रिक व्याकरणाची कल्पना. नियम लिहिणारा तोच ठेवायचा, तळाचा रेग्युलर, विसरभोळा. फक्त तो एका धाग्याऐवजी दोन धाग्यांवर लिहितो. प्रत्येक नियमात वरच्या धाग्यासाठी एक तुकडा आणि खालच्यासाठी एक तुकडा. दोन्ही तुकडे एकाच लांबीचे हवेत असं नाही, एखादा कोराही चालतो. त्यामुळे वरचा धागा पुढे पळतो, खालचा मागे रेंगाळतो. सगळं लिहून झालं, कच्चं अक्षर संपलं, की मग रनर ओढायचा. पहिल्या दात्यापासून शेवटच्यापर्यंत अ समोर थ, ग समोर स बसलं आणि कोणत्याही बाजूला एकही दाता उरला नाही, तर वरचा धागा हा भाषेतला शब्द. नाहीतर फेकून द्या.

भाचीला हे ऐकून पटलं, पण फायदा दिसेना. मग कालिदास कलामंदिराजवळच्या टपरीवर चहा पिताना तिच्याच झेरॉक्सच्या मागे मी चार टप्पे लिहून दिले. आपल्याला हवेत असे शब्द: काही अ, मग तितकेच स, मग तितकेच थ. म्हणजे 'असथ', 'अअससथथ', वगैरे. नुकताच ज्याच्यापुढे स्टॅकवाल्याने हात टेकले तोच हा नमुना.

पहिला टप्पा: वर अ लिही, खाली काही नाही. हवं तितक्या वेळा, पण एकदा तरी.

दुसरा टप्पा: वर स, खाली थ. पुन्हा हवं तितक्या वेळा.

तिसरा: वर थ, खाली ग.

चौथा: वर काही नाही, खाली अ.

संपलं. एका टप्प्यातून पुढच्यात कधी जायचं ते लिहिणाऱ्याच्या मर्जीवर, कोणीही काहीही मोजत नाही. आता प्रत्येक टप्पा दोन-दोनदा करून पाहू. पहिल्यानंतर वर 'अअ', खाली कोरं. दुसऱ्यानंतर वर 'अअसस', खाली 'थथ'. तिसऱ्यानंतर वर 'अअससथथ', खाली 'थथगग'. चौथ्यानंतर खाली 'थथगगअअ'. रनर ओढा: अ-थ, अ-थ, स-ग, स-ग, थ-अ, थ-अ. लागली.

"आता मुद्दाम चुकव," मी म्हटलं. तिने दुसरा टप्पा तीनदा केला, बाकी दोन-दोनदा. वर 'अअसससथथ', खाली 'थथथगगअअ'. दोन्हीकडे सात दाते, लांबी अगदी बरोबर. पण तिसऱ्या दात्यापाशी वर स आणि खाली थ. अडली. तिने पेन खाली ठेवलं आणि म्हणाली, "म्हणजे वरचे स मोजायचं काम खालच्या थ ने केलं, आणि ते थ मोजायचं काम वरच्या अ ने." तिने हे माझ्यापेक्षा नीट सांगितलं. वर जितके अ, त्यांच्यासमोर तितकेच थ हवेत, पण खालचे थ तर वरच्या स बरोबर लिहिले गेलेत, म्हणून अ आणि स सारखे. तसंच पुढे स समोरचे ग हे वरच्या थ बरोबर लिहिलेले, म्हणून स आणि थ सारखे. शेवटी खाली लिहिलेले अ वरच्या थ शी जुळतात आणि टोक बंद करतात. अटींची साखळी आपोआप तयार झाली. ताटांची चळत लागली नाही, बोटं लागली नाहीत.

थोडा इतिहास, पटकन. डीएनए आणि औपचारिक भाषा यांची गाठ प्रथम टॉम हेड यांनी १९८७ मध्ये घातली. त्यांचा विषय होता डीएनए कापून पुन्हा जोडणं. दोन धाग्यांवर चालणाऱ्या यंत्रांची, म्हणजे वॉटसन-क्रिक ऑटोमेटांची कल्पना रुडॉल्फ फ्रॉइंड, घेओर्घे पाउन, ग्रझेगॉर्झ रोझेनबर्ग आणि आर्टो सालोमा यांनी १९९७ मध्ये मांडली. ऑटोमेटा वाचतात, व्याकरणं लिहितात. एकाच नाण्याच्या या दोन बाजू नेहमी जोडीने अभ्यासल्या जातात. इथे मात्र व्याकरण मागून आलं. रेग्युलर प्रकारचं वॉटसन-क्रिक व्याकरण के. जी. सुब्रमण्यन आणि सहकाऱ्यांच्या २०१२ च्या लेखात येतं, आणि पुढे मलेशियातल्या संशोधकांनी त्याचे लिनियर (रेग्युलर आणि कॉन्टेक्स्ट-फ्री यांच्या मधले) आणि कॉन्टेक्स्ट-फ्री अवतार तपासले.

टपरीवर भाचीने जो पुढचा प्रश्न काढला त्याने माझा दुसरा चहा झाला. "मग हे स्टॅकपेक्षा वरचढच म्हणायचं ना?"

तसं नाही. 'ती होडी जाडी होती' हे वाक्य शाळेत सगळ्यांनी केलंय, उलटं वाचा तरी तेच. असे उलटसुलट शब्द स्टॅकच्या अगदी हातचा मळ आहेत. पहिला अर्धा भाग चळतीत रचा, दुसऱ्या अर्ध्याला वरून काढत जा. शेवटी ठेवलेलं आधी निघतं, आणि उलटं वाचायला नेमकं तेच हवं असतं. आता दुसरा शब्द घ्या: 'हळू-हळू'. मराठीत असे दुहेरी शब्द पावलोपावली. इथे दुसरा भाग पहिल्याची सरळ नक्कल आहे, उलटी नाही. स्टॅकला हे जमत नाही, कारण त्याला आधी ठेवलेलं आधी काढता येत नाही. तळातलं ताट ओढलं तर सगळी चळत अंगावर.

दोन धाग्यांच्या व्याकरणाला 'हळू-हळू' सोपं पडतं. वर 'हळू' लिहा, खाली काही नाही. वर मधली रेघ लिहा. मग दुसरं 'हळू' वर लिहिताना प्रत्येक अक्षराबरोबर खाली त्याची जोडीदार लिहीत जा. शेवटी खालचा धागा रेघ आणि उरलेला भाग लिहून पूर्ण करा. खालची सुरुवात वरच्या पहिल्या भागासमोर येते, पण ती लिहिली गेली दुसऱ्या भागाबरोबर. म्हणून दोन भाग सारखेच निघतात. पण 'ती होडी जाडी होती' च्या धर्तीवरचे, कितीही लांब, सगळे उलटसुलट शब्द आणि फक्त तेच? ते याला जमत नाही. दोन्ही धागे डावीकडून उजवीकडेच वाढतात. वरचा पुढे असेल तर खालचा त्याचा पाठलाग करतो, आणि पाठलाग करणारा समोरून येऊ शकत नाही. उलट वाचनात पहिलं अक्षर शेवटच्याशी, दुसरं शेवटून दुसऱ्याशी जुळवायचं असतं. एक हात पुढे सरकला की दुसरा मागे सरकायला हवा.

इथे मला आमच्या रामकुंडाजवळचा दुतोंड्या मारुती आठवला. बाहेरच्यांसाठी सांगतो: गोदेला पूर आला की नाशिककर पाण्याची पातळी मीटरमध्ये विचारत नाहीत, पाणी दुतोंड्याच्या गुडघ्याला लागलं, कमरेला लागलं की छातीला, असं विचारतात. मूर्तीला दोन बाजूंना दोन तोंडं आहेत. दोन डोकी (प्रत्येक धागा वाचणारं एक) एकाच दिशेने जाणारं यंत्र उलटसुलट शब्दाला हरतं, तर त्यांची तोंडं विरुद्ध दिशांना करून टाका. एक डोकं डाव्या टोकाकडून, दुसरं उजव्या टोकाकडून. बेनेडेक नॉज यांनी अशा ऑटोमेटांचा पद्धतशीर अभ्यास केलाय, आणि त्यामागे डीएनएचीच एक खरी गोष्ट आहे जी मी वर सोयीसाठी लपवली. खऱ्या डीएनएचे दोन धागे एकमेकांच्या उलट दिशेने जातात. रसायनात एका टोकाला पाच-प्राइम आणि दुसऱ्याला तीन-प्राइम म्हणतात. एक धागा ज्या टोकाला पाच, दुसरा तिथे तीन. म्हणजे मूळ मॉडेलपेक्षा दुतोंड्या मॉडेल निसर्गाला जवळचं.

पण बदल फुकट मिळत नाही. दोन डोकी समोरासमोर आली की वाचन थांबवायचं, अशी अट असलेल्या प्रकारात नेमक्या लिनियर भाषाच ओळखता येतात, म्हणजे कॉन्टेक्स्ट-फ्रीमधला एक धाकटा गट. त्यात होडी बसते, पण 'हळू-हळू' बुडतं, आणि टपरीवरचं 'अअससथथ' सुद्धा. एकाने नक्कल मिळते, दुसऱ्याने प्रतिबिंब.

प्रतिबिंब ही नुसती कागदावरची हौस नाही. प्रयोगशाळेत डीएनए कापायला इको-आर-वन नावाचं विकर वापरतात. ते 'गअअथथस' ही सहा अक्षरं शोधतं. त्याच्या समोरचा धागा लिहा, 'सथथअअग', आणि त्याच्या स्वतःच्या दिशेने, म्हणजे उलटा वाचा. पुन्हा 'गअअथथस'. दोन्ही धाग्यांवर दोन्ही दिशांनी एकच मजकूर, म्हणून विकर कुठूनही आलं तरी जागा ओळखतं. आमच्या होडीची ही रासायनिक बहीण, फक्त इथे उलटं करताना जोडीदारही बदलायचा.

आता तो प्रयोग सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही ज्याच्यामुळे संगणकवाले डीएनएकडे धावले. लिओनार्ड एडलमन, आरएसए या कूटपद्धतीतलं 'ए' ज्यांचं, त्यांनी १९९४ मध्ये परीक्षानळीत एक कोडं सोडवलं. सात ठिकाणं, काहींमध्ये एकेरी रस्ते. ठरलेल्या ठिकाणाहून निघून प्रत्येक ठिकाणी नेमकं एकदाच जाऊन ठरलेल्या ठिकाणी पोचायचं. पंचवटीहून निघून शालिमार, सातपूर असं फिरत नाशिकरोडला, पण एकेरी वाहतुकीचे नियम पाळून. त्यांनी प्रत्येक ठिकाणाला वीस अक्षरांचा डीएनए तुकडा दिला, आणि प्रत्येक रस्त्याला असा तुकडा ज्याचा एक अर्धा निघायच्या ठिकाणाच्या मागच्या अर्ध्याशी आणि दुसरा पोचायच्या ठिकाणाच्या पुढच्या अर्ध्याशी जुळेल. सगळं पाण्यात एकत्र केलं. तुकडे आपापल्या जोड्या शोधत एकमेकांना चिकटले आणि असंख्य मार्ग एकाच वेळी तयार झाले. खरं काम त्यानंतरचं होतं: चुकीचे मार्ग गाळून बरोबर मार्ग शिल्लक ठेवणं. त्याला प्रयोगशाळेत सुमारे आठवडा लागला.

सात ठिकाणांचं कोडं भाची कागदावर पाच मिनिटांत सोडवते, त्यामुळे तिने 'मग काय विशेष' असा चेहरा केला. विशेष हे की रेणू एकाच वेळी सगळ्या शक्यता तपासतात. आणि अडचणही तीच. युरिस हार्टमानिस यांनी १९९५ मध्ये हिशेब करून दाखवलं की याच पद्धतीने दोनशे ठिकाणांचं कोडं सोडवायचं तर लागणारा डीएनए पृथ्वीपेक्षा जड भरेल. शक्यता दर पायरीला गुणल्या जातात, आणि डीएनएलाही वजन आहे. म्हणून डीएनएचा लॅपटॉप दुकानात येईल या आशेवर कोणी हा विषय घेऊ नये. त्यात चुकीच्या जोड्याही लागतात. कागदावर अ समोर थच बसतो, नळीत कधीकधी जवळपास जुळणाराही चिकटून बसतो.

आमचं व्याकरण मात्र नळीत बनत नाही, त्यामुळे त्याला वजनाची भीती नाही. त्याला वेगळी भीती आहे, आणि ती भाचीच्या सेमिनारमध्ये बाहेर आली.

त्याआधी आणखी एक गोष्ट, जी मला स्वतःला या सगळ्यात सर्वात विलक्षण वाटते. शून्य आणि एक यांची कोणतीही ओळ घ्या, समजा ०११. तिचीच नक्कल लाल शाईने लिहा. आता काळी आणि लाल ओळ एकमेकींत मिसळा, सिंहस्थात दोन रांगा एका दरवाज्यातून आत सोडतात तशा: कोण आधी, कोण नंतर, काहीही चालेल, पण आपापल्या रांगेतला क्रम मोडायचा नाही. सगळ्या ओळी, त्यांची सगळी मिश्रणं, यांचा ढीग करा. योस्ट एंगेलफ्रिट आणि रोझेनबर्ग यांनी १९८० मध्ये सिद्ध केलं की कोणत्याही संगणकाला जी भाषा छापता येते, ती या एकाच ढिगातून निघते, आणि ती काढायला पुरतं तळाच्या पायरीवरचं एक विसरभोळं यंत्र, जे ढिगातला शब्द डावीकडून वाचत जातं आणि दुसरं काहीतरी लिहीत जातं. सगळी अक्कल ढिगात आहे.

आणि तो ढीग डीएनएत पडलेला आहे. वरच्या धाग्यावर अ किंवा थ दिसला तर काळा शून्य, ग किंवा स दिसला तर काळा एक. खालच्या धाग्यावर तसंच, पण लाल. अ चा जोडीदार थ, म्हणजे शून्यासमोर शून्यच. ग चा स, म्हणजे एकासमोर एकच. दोन्ही धागे डावीकडून आपापल्या गतीने वाचत गेलात की हातात येतं ते त्या ढिगातलंच एक मिश्रण. सालोमा यांनी या निरीक्षणावर बराच भर दिला. गणित १९८० चं, डीएनए संगणनाचा गाजावाजा १९९४ नंतरचा. दोघांची भेट उशिरा झाली.

सेमिनार सप्टेंबरात झाला. भाचीने जुन्या सॅकची काढून टाकलेली चेन नेली होती, आणि ती फळ्यासमोर धरून टपरीवरचे चार टप्पे सांगितले. बाहेरून आलेल्या मॅडमनी एकच प्रश्न विचारला. "समजा मी तुला असं एक व्याकरण दिलं. त्यातून एक तरी चेन पूर्ण लागेल की नाही, हे आधीच सांगणारा प्रोग्रॅम लिहिशील?"

तिने फळ्यावर दोन तुकडे काढले. पहिला: वर अ, खाली थग. दुसरा: वर सथ, खाली अ. पहिला मग दुसरा ठेवला तर वर 'असथ', खाली 'थगअ', लागली. मग फक्त एकच तुकडा काढला: वर अ, खाली थथ. कितीही वेळा ठेवा, खालचा धागा कायम दुप्पट लांब. ही कधीच लागणार नाही. "या दोन्हींत सांगता येतं," ती म्हणाली, "पण हातात डझनभर तुकडे असले तर मॅडम, करून बघायचं आणि लागेपर्यंत थांबायचं."

मॅडम हसल्या आणि तिला बसायला सांगितलं. संध्याकाळी घरी आल्यावर मी तिला एमिल पोस्ट यांचं १९४६ चं कोडं दाखवलं. वर-खाली अक्षरं लिहिलेले डॉमिनोचे तुकडे. हवे ते, हवे तितक्या वेळा ओळीने मांडा. वरची ओळ आणि खालची ओळ सारखी होईल का? सर्व संचांसाठी हो किंवा नाही सांगणारा प्रोग्रॅम असूच शकत नाही, हे पोस्ट यांनी डीएनएची रचना कळण्याच्या सात वर्षं आधी सिद्ध केलं होतं. आमच्या व्याकरणात एकच कच्चं अक्षर ठेवा आणि प्रत्येक नियमाला एक डॉमिनो द्या, फक्त खालच्या ओळीत प्रत्येक अक्षराऐवजी त्याचा जोडीदार लिहा. हेच कोडं तयार. म्हणजे तळाच्या पायरीवरचा विसरभोळा लेखक आणि एक चेन, एवढ्यावर आपण अशा प्रश्नापाशी येतो ज्याला कोणत्याही संगणकाकडे उत्तर नाही.

"म्हणजे मी 'थांबायचं' म्हटलं ते बरोबर होतं?" तिने विचारलं.

"बरोबर होतं. फक्त किती वेळ थांबायचं ते कोणीच सांगू शकत नाही, हे म्हणायचं राहिलं."

तिने त्याच रात्री मॅडमना मेल केली. सॅकला काकांनी नवी चेन लावून दिलीय, ऐंशी रुपये घेतले.